क्रॉनची रोजची कामं रोज होत नाहीत: फोंड्याकडच्या एका वाचनालयातला शोध

लक्षण आधी सांगतो. डेबियन लिनक्सचं मशीन, त्यावर ग्रंथालयासाठीचं कोहा हे सॉफ्टवेअर, आणि ठरल्या वेळी ठरलेली कामं आपोआप चालवणारा क्रॉन. रोज आपोआप व्हायला हवा तो बॅकअप होत नाही आणि मुदत उलटलेल्या पुस्तकांची स्मरणपत्रं वाचकांना जात नाहीत. तीच आज्ञा हाताने दिली की दोन्ही कामं बिनतक्रार होतात. आपण समाधानाने घरी येतो. पंधरा दिवसांनी पुन्हा फोन, पुन्हा तेच. त्यात बुचकळ्यात टाकणारी गोष्ट अशी, की लॉग फाइली, म्हणजे मशीनच्या नोंदींच्या फाइली, रोजच्या रोज नीट बदलल्या जातात. म्हणजे वेळापत्रकावरची सगळीच कामं अडली आहेत असंही नाही.

घाईत असाल तर उत्तर घ्या आणि कामाला लागा: मशीन रात्री बंद ठेवत असाल, तर ॲनाक्रॉन, म्हणजे चुकलेली कामं मागाहून भरून काढणारा क्रॉनचा जोडीदार, बसवा. नव्वद टक्के लोकांचं काम तेवढ्यात होईल. आमचं तेवढ्यात झालं नाही, म्हणून हे लिहायला बसलो. आज्ञा आणि फाइलींची नावं वाचायच्या सोयीने देवनागरीत लिहितोय, टर्मिनलमध्ये ती अर्थातच रोमन अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत टाइप करायची.

मी फोंड्यात कॉम्प्युटर दुरुस्तीची कामं करतो. तालुक्यातल्या एका मराठी वाचनालयाचं मशीन हौसेने सांभाळतो. वाचनालय म्हणजे पणजीत पाटोवरच्या कृष्णदास शामा या राज्य ग्रंथालयासारखं काही डोळ्यांसमोर आणू नका. दोन खोल्या, लोखंडी कपाटं, जुने दिवाळी अंक, उत्सवी नाटकांच्या संहितांचा एक कोपरा. सर्व्हर म्हणून एक जुना डेस्कटॉप कपाटाच्या बाजूला उभा आहे. त्याला ना मॉनिटर ना कीबोर्ड. काउंटरवरच्या कॉम्प्युटरवरून बाई ब्राउझरमध्ये कोहा उघडतात आणि पुस्तकं देतात-घेतात. वेळ सकाळी ९ ते १२.३०, दुपारी ३.३० ते ६.३०. रविवारी बंद. मधल्या तीन तासांत काय होतं ते गोव्यात राहणाऱ्याला सांगायला नको.

बसवल्यापासून वर्षभर हे मशीन कुरकुर न करता चाललं. मार्चनंतर कधीतरी बॅकअप थांबले, आणि ते आमच्या ध्यानात आलं मृग लागल्यावर. समितीतल्या एकांनी विचारलं, "मुदत उलटलेल्यांना हल्ली ई-मेल जात नाहीत काय?" बाईंनी पाहिलं, तर खरंच जात नव्हते.

पहिल्या फेरीत मी सगळेच करतात ते केलं. कोहाची रोजची फाइल /ईटीसी/क्रॉन.डेली या फोल्डरात असते, ती रूट (सगळे अधिकार असलेला वापरकर्ता) होऊन हाताने चालवली. बॅकअप तयार, स्मरणपत्रं रांगेत. "झालं," म्हणालो. झालं काहीच नव्हतं. हाताने चालवल्यावर काम होतं याचा अर्थ फक्त स्क्रिप्ट ठीक आहे. ती वेळेवर कुणी चालवतं का, हा प्रश्न वेगळा, आणि मी तो विचारलाच नव्हता. दोन फेऱ्या मी स्क्रिप्ट वाचण्यात घालवल्या. परवानग्या तपासल्या, डेटाबेसचा पासवर्ड तपासला, डिस्कवरची जागा मोजली. सगळं जिथल्या तिथे.

तिसऱ्या फेरीला अक्कल आली आणि उलट टोकाकडून सुरुवात केली. मशीनच्या नोंदी दाखवणाऱ्या जर्नलसीटीएलला लिस्ट-बूट्स हा पर्याय दिला की मशीन प्रत्येक वेळी कधी चालू झालं आणि त्या खेपेची शेवटची नोंद कधीची, याची यादी मिळते. आमची यादी शाळेच्या हजेरीपटासारखी निघाली: ९ वाजता चालू, साडेबाराच्या सुमारास बंद. साडेतीनला चालू, साडेसहाला बंद. काही दिवशी मध्येच तुटलेल्या खेपा, त्या लाईट गेल्याच्या. आता क्रॉनच्या वेळापत्रकाची फाइल, /ईटीसी/क्रॉनटॅब, उघडा. डेबियनमध्ये रोजच्या कामांची ओळ '२५ ६ * * *' अशी असते, म्हणजे सकाळी ६ वाजून २५ मिनिटांनी. आठवड्याची कामं रविवारी ६.४७ला, महिन्याची एक तारखेला ६.५२ला. यांतल्या एकाही वेळी आमचं मशीन जागं नसतं. रविवारी तर वाचनालयाचं दारसुद्धा उघडत नाही.

क्रॉनची वृत्ती समजून घ्यायला हवी. तो दर मिनिटाला उठतो, घड्याळ पाहतो आणि या मिनिटाचं काही काम आहे का ते बघतो. गेलेल्या मिनिटांचा हिशोब तो ठेवत नाही. मशीन ६.२५ला बंद होतं, तर ते काम त्या दिवसापुरतं बुडालं. नऊला मशीन चालू झाल्यावर त्याला कसली आठवणही नसते, चूक झाल्याचा संदेशही नसतो. त्याच्या दृष्टीने चूक झालेलीच नाही. क्रॉन युनिक्सच्या सातव्या आवृत्तीतला, १९७९चा. तेव्हाची मशीनं दिवसरात्र चालायची आणि रात्री माणसं झोपलेली असताना झाडलोट उरकायची हे शहाणपणाचंच होतं. तीच सवय सगळ्या घराण्यात उतरली. फ्रीबीएसडीची रोजची देखभाल पहाटे ३.०१ला, आठवड्याची शनिवारी ४.१५ला. मॅकवर सुरुवातीच्या काळात रोज ३.१५ची वेळ होती आणि लॅपटॉप मिटून झोपणाऱ्यांची ही कामं कधीच व्हायची नाहीत. पुढे मॅकवर क्रॉनच्या जागी लाँचडी आला. मशीन नुसतं झोपलेलं असेल तर चुकलेलं काम तो जाग आल्यावर करतो, पूर्ण बंद असेल तर मात्र नाही.

मग लॉग फाइली कशा बदलत होत्या? कारण ते काम आता क्रॉनकडे राहिलेलंच नाही. डेबियनच्या अलीकडच्या आवृत्त्यांत लॉग बदलणारं लॉगरोटेट सिस्टमडीच्या (मशीनवरच्या सगळ्या सेवा सुरू करणाऱ्या आणि सांभाळणाऱ्या कारभाऱ्याच्या) टायमरवर चालतं. क्रॉन.डेलीत त्याची फाइल दिसते खरी, पण ती आधी सिस्टमडी आहे का बघते आणि असेल तर काही न करता परतते. त्या टायमरमध्ये 'पर्सिस्टंट=ट्रू' अशी ओळ असते. शेवटचं कधी चाललो हे तो डिस्कवर लिहून ठेवतो आणि मधली वेळ चुकली असेल तर मशीन चालू झाल्यावर भरून काढतो. सिस्टमसीटीएलला लिस्ट-टायमर्स म्हणा, प्रत्येक टायमर मागे कधी चालला आणि पुढे कधी चालणार ते एका तक्त्यात दिसेल. एकाच मशीनवर दोन कारकून आहेत. एक वही ठेवतो, दुसरा ठेवत नाही. अर्धी कामं होतात आणि अर्धी होत नाहीत अशी तक्रार आली की आधी हे बघा, कुठलं काम कुणाच्या हाताखाली आहे.

इथपर्यंत आलो आणि एक प्रश्न डोक्यात रुतून बसला. ६.२५ला मशीन कधीच चालू नसतं, तर पहिलं वर्षभर बॅकअप कसे होत होते?

उत्तर त्या शेवटच्या आपोआप झालेल्या बॅकअपमध्ये होतं. हाताने चालवण्याआधी मी बाईंना फोल्डरची यादी छापून दिली होती, ती त्यांनी फाइलीला लावून ठेवली होती म्हणून वाचलो. मार्चमधल्या त्या फाइलीसमोर वेळ होती ११:५६. सकाळी सहा पंचविसाला सुरू होणाऱ्या कामाची फाइल दुपारी बाराला चार मिनिटं कमी असताना कशी जन्मते? सहा पंचविसात साडेपाच तास मिळवा. अकरा पंचावन्न.

मशीन बसवताना मी वेळक्षेत्र निवडलंच नव्हतं, ते यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, राहिलं होतं. यूटीसीचे सकाळचे ६.२५ म्हणजे आपले ११.५५, वाचनालय बंद व्हायला अर्धा तास बाकी, मशीन चालू, सगळी कामं बिनबोभाट. मार्चमध्ये बाई म्हणाल्या, "दहा वाजता दिलेलं पुस्तक पहाटे साडेचारला दिलेलं दिसतंय रे." मी ऐटीत टाइमडेटसीटीएलने वेळक्षेत्र एशिया/कोलकाता केलं, मशीन बंद करून चालू केलं आणि चहा पिऊन आलो. त्या दिवसापासून ६.२५ खरोखरच सकाळी ६.२५ला वाजू लागले. बिघाड मीच केला होता, दुरुस्ती म्हणून. वेळक्षेत्र बदलण्यात चूक काही नव्हती, ते बदलायलाच हवं होतं. पण घड्याळ हलवलं की त्या घड्याळावर टांगलेलं सगळं हलतं, हे माझ्या ध्यानात आलं नाही. आणि आठवड्याची कामं? ती त्या सुखाच्या वर्षातही होत नव्हती. रविवारचे ६.४७ यूटीसी म्हणजे रविवारी दुपारचे १२.१७. कुणाला पत्ता नव्हता.

कारण कळल्यावर उपाय सोपा वाटतो आणि तिथेच मी पुन्हा घसरलो. क्रॉनटॅबमध्ये ६.२५ खोडून १३.३० केलं. मनात आलं, दुपारी दीडला काउंटरवर कुणी नसतं, मशीन निवांत असतं. निवांत असतं कारण वाचनालयातले काका बारा पस्तीसला भिंतीवरचं बटण बंद करून जेवायला जातात. हजेरीपट पाहून आलेला माणूस ही चूक करतो, यावरून टर्मिनलसमोर बसल्यावर बुद्धी कुठे जाते ते कळेल. नंतर १०.१५ केलं. ते चाललं. पण जूनमध्ये सकाळी दहाच्या सुमारास चार वेळा लाईट गेली, ते चार दिवस बुडाले. म्हणजे दोष पूर्वी ठाम होता, तो आता लहरी झाला. लहरी दोष शोधायला जास्त वाईट.

मशीन चोवीस तास चालू ठेवा, असा सल्ला मला दोघांनी दिला. बायोसमधला ठरल्या वेळी जागं होण्याचा पर्याय वापरा, असं तिसऱ्याने सांगितलं. भिंतीवरचं बटणच बंद असेल तर तो पर्याय काय करणार? आणि बटण चालू ठेवा असं मी काकांना सांगायला गेलो, तर ते म्हणाले, "गडगडूंक लागलें म्हणटकच हांव मेन काडटां. मशीन जळ्ळें जाल्यार कोण भरून दितलो?" म्हणजे, गडगडायला लागलं की मी मेन स्विच बंद करतो, मशीन जळलं तर कोण भरून देणार? त्यांचं बरोबर आहे. मे-जूनमध्ये इकडे वीज कशी कडाडते हे ज्याने पाहिलंय आणि एकदा तरी जळालेला पॉवर सप्लाय बदललाय, तो काकांच्या बाजूनेच बोलेल. वाचनालयाने आपली रीत बदलावी आणि मशीनने बदलू नये, हे मला पटत नाही.

ॲनाक्रॉन यासाठीच आहे. क्रॉन विचारतो, किती वाजले? ॲनाक्रॉन विचारतो, शेवटचं काम होऊन किती दिवस झाले? त्याला तासाशी देणंघेणं नाही, फक्त तारखेशी. डेबियनमध्ये डेस्कटॉप निवडला की तो सोबत येतो. आमच्यासारखं नुसतं सर्व्हर बसवलं तर येत नाही, वेगळा बसवावा लागतो. मग /ईटीसी/ॲनाक्रॉनटॅब या फाइलीत तीन ओळी मिळतील. रोजच्या ओळीत '१ ५', आठवड्याच्या ओळीत '७ १०', महिन्याच्या ओळीत '@मंथली १५'. पहिला आकडा किती दिवसांनी, दुसरा ॲनाक्रॉन सुरू झाल्यावर किती मिनिटं थांबून. ही मिनिटं काढून टाकू नका. मशीन नुकतं चालू होत असतं, डेटाबेस अजून डोळे चोळत असतो, आणि त्याच वेळी बाई पहिल्या वाचकाचं कार्ड टाइप करत असतात.

काम पूर्ण झालं की ॲनाक्रॉन /वार/स्पूल/ॲनाक्रॉन या फोल्डरात त्या दिवसाची तारीख आठ आकड्यांत लिहून ठेवतो. ही फाइल उघडून पाहणं हीच खरी तपासणी. आजची तारीख असेल तर आज काम झालं, नसेल तर नाही. ॲनाक्रॉनटॅबमध्ये हात घातला असेल तर ॲनाक्रॉनला मोठ्या टी-चा पर्याय देऊन लिहिण्यात चूक नाही ना तेवढं बघून घ्या.

ॲनाक्रॉन बसवल्यावर /ईटीसी/क्रॉनटॅबमधल्या रोजच्या ओळीचं काय? ती आपोआप गप्प बसते. ओळीच्या सुरुवातीलाच अट आहे: ॲनाक्रॉन असेल तर मी काही करणार नाही. त्यामुळे तिथे ६.२५ असो, १०.१५ असो की १३.३०, काही फरक पडत नाही. मी तरीही ६.२५ परत लिहून ठेवलं. पुढे दुसरा कुणी मशीन उघडेल, त्याला १०.१५ पाहून भलता शोध लावायला नको.

एक मोठा गैरसमज मात्र इथे दूर करायला हवा, कारण मी स्वतः आठवडाभर त्यात होतो. ॲनाक्रॉन सगळा क्रॉन सांभाळत नाही. तो फक्त क्रॉन.डेली, क्रॉन.वीकली आणि क्रॉन.मंथली या तीन फोल्डरांचा मालक आहे. क्रॉनटॅब उणे ई करून लिहिलेली आपली खासगी ओळ किंवा /ईटीसी/क्रॉन.डी मधली 'रात्री १ वाजता' अशी ओळ त्याच्या हद्दीत येत नाही. ती चुकली की चुकलीच. दर पंधरा मिनिटांनी चालणाऱ्या ओळींना याची झळ लागत नाही. कोहाची ई-मेलची रांग रिकामी करणारी ओळ तशीच आहे, तिला पुढची पंधरा मिनिटं मिळतातच. पण दिवसातून एकदा, ठरल्या तासाला असं जे काही असेल, ते एक तर क्रॉन.डेलीत हलवा किंवा त्याला सिस्टमडीचा टायमर करून 'पर्सिस्टंट=ट्रू' लिहा. पर्सिस्टंटचा उपयोग 'ऑनकॅलेंडर'ने वेळ दिलेल्या टायमरलाच होतो, बूटनंतर इतक्या मिनिटांनी असं सांगितलेल्याला नाही.

क्रॉन.डेलीत हलवताना एक खड्डा आहे. आम्ही बॅकअप पेन ड्राइव्हवर उतरवणारी छोटी स्क्रिप्ट लिहिली होती, नाव 'बॅकअप-कॉपी.एसएच'. परवानगी दिली, क्रॉन.डेलीत ठेवली. चार दिवस झाले तरी पेन ड्राइव्ह रिकामा. त्या फोल्डरातल्या फाइली चालवतं ते रन-पार्ट्स, आणि डेबियनच्या रन-पार्ट्सला नावात टिंब असलेली फाइल दिसतच नाही. अक्षरं, आकडे, अधोरेषा आणि आडवी रेघ एवढंच त्याला चालतं. टिंब आलं की तो ती फाइल मुकाट्याने ओलांडून जातो. नावातलं '.एसएच' काढलं, प्रश्न संपला. रन-पार्ट्सला टेस्ट हा पर्याय देऊन फोल्डरचं नाव दिलं की तो काही न चालवता फक्त काय काय चालवेन त्याची यादी देतो. आपली फाइल यादीत नसेल तर पुढे काही शोधू नका, नाव किंवा परवानगी बघा.

याच स्क्रिप्टची त्याआधीची अवस्था आणखी गमतीची. तेव्हा ती एका ओळीत क्रॉनटॅबमध्ये होती आणि फाइलीच्या नावात आजची तारीख यावी म्हणून डेट आज्ञेला टक्क्याचं चिन्ह दिलं होतं. क्रॉनटॅबमध्ये टक्क्याला वेगळा अर्थ आहे. पहिल्या टक्क्यापाशी आज्ञा संपते आणि पुढचं सगळं त्या आज्ञेला इनपुट म्हणून दिलं जातं. टर्मिनलमध्ये हीच ओळ सुतासारखी चालते, म्हणून संशय येत नाही. टक्क्याच्या आधी उलटी तिरकी रेघ द्यावी, किंवा माझ्या मते सरळ वेगळी स्क्रिप्ट करावी आणि क्रॉनटॅबमध्ये तिचं फक्त नाव लिहावं. खासगी क्रॉनटॅबमध्ये पाथसुद्धा (आज्ञा ज्या फोल्डरांत शोधल्या जातात ती यादी) /यूएसआर/बिन आणि /बिन एवढाच तोकडा असतो, त्यामुळे प्रत्येक आज्ञा पूर्ण पत्त्यासह लिहिलेली बरी.

या चुका आम्हाला कळल्या का नाहीत? कारण क्रॉन त्या ई-मेलने कळवतो आणि आमच्या मशीनवर टपाल वाहणारं कुणी नव्हतं. कोहा आपले ई-मेल परस्पर बाहेरच्या एसएमटीपी (ई-मेल पाठवणाऱ्या) सर्व्हरला देतो. जर्नलसीटीएलमध्ये क्रॉनच्या नोंदी पाहिल्या तेव्हा क्रॉनने ठिकठिकाणी लिहून ठेवलेलं सापडलं, की टपालाची व्यवस्था नाही, आलेलं आउटपुट टाकून देतोय. महिनोन्‌महिने तो आपली तक्रार लिहून कचऱ्यात टाकत होता. डेबियन १२पासून सिसलॉगची, म्हणजे नोंदींची जुन्या पद्धतीची, फाइलही आपोआप तयार होत नाही. जुन्या सवयीने /वार/लॉग/सिसलॉग शोधत बसाल तर ती नसेल, थेट जर्नलकडे जा. आपल्या स्क्रिप्टचं आउटपुट मी आता एका साध्या फाइलीत ओततो.

आता स्मरणपत्रं. ॲनाक्रॉन बसवल्यावर बॅकअप रोज होऊ लागले, पण स्मरणपत्रं अजूनही कुणाला जायची, कुणाला नाही. हा भाग कोहा वापरणाऱ्यांसाठी आहे, बाकीच्यांनी वाचला तरी हरकत नाही, कारण रोग सगळीकडे आढळतो. मुदत उलटलेल्यांची स्क्रिप्ट रोजच्या फाइलीत 'उणे टी' या पर्यायाने चालते. त्याचा अर्थ असा: पुस्तकाला नेमके ठरवलेले दिवस उलटले असतील, त्याच दिवशी पत्र काढ. सात दिवस ठरवले असतील तर सातव्या दिवशी. आठव्या दिवशी ती स्क्रिप्ट त्या पुस्तकाकडे ढुंकून बघत नाही. सातवा दिवस रविवारी आला, की त्या वाचकाचं पत्र गेलं ते गेलंच. ॲनाक्रॉन सोमवारी काम भरून काढतो, पण सोमवारी ते पुस्तक आठ दिवस उलटलेलं असतं. कोहाच्या माहितीपत्रकात हा धोका स्पष्ट लिहिलेला आहे, मी वाचला नव्हता.

म्हणजे उशिरा झालं तरी चालणारं काम आणि त्या दिवशीच व्हायला हवं असं काम यांत फरक करावा लागतो. बॅकअप सकाळी सहाला झाला काय नि नऊला झाला काय. दंडाचा हिशोब देय तारखेपासून आजपर्यंत होतो, एक दिवस चुकला तरी दुसऱ्या दिवशी बेरीज बरोबर येते. पण 'आज सातवा दिवस आहे का' असं विचारणारं काम भरून काढता येत नाही, प्रश्नच बदलतो. आम्ही रोजच्या फाइलीतली ती ओळ बंद केली आणि 'उणे टी' काढून ती स्क्रिप्ट क्रॉन.वीकलीत ठेवली. 'उणे टी' नसेल तर ती चालेल त्या प्रत्येक वेळी मुदतीच्या पट्ट्यात बसणाऱ्या सगळ्यांना पत्र काढते, म्हणून आठवड्यातून एकदाच. कोहामधल्या दिवसांच्या मर्यादाही त्या बेताने पुन्हा लावाव्या लागल्या, नाही तर पहिलं पत्र आणि दुसरं पत्र यांची सरमिसळ होते. कोहाचं पॅकेज अपग्रेड होताना डेबियन विचारेल, तुमची बदललेली फाइल ठेवू की नवी घेऊ? आपलीच ठेवा, आणि नव्यात काय बदललंय ते सावकाश बघा.

आठवड्याच्या फाइलीत नेल्याचा आणखी एक फायदा झाला, तो ठरवून नव्हता. ॲनाक्रॉन तारीख लिहितो ती काम संपल्यावर. स्मरणपत्रं काढून झाली, बॅकअप सुरू झाला आणि तेवढ्यात काकांनी मेन काढलं, तर ॲनाक्रॉनच्या वहीत आजचं काम बाकीच राहतं. दुपारी मशीन चालू झालं की तो सगळी रोजची कामं पहिल्यापासून करतो. जुलैमध्ये एका वाचकाला एकाच दिवशी एकाच पुस्तकाची दोन स्मरणपत्रं गेली. ते गृहस्थ पुस्तक घेऊन आले आणि म्हणाले, एवढी घाई होती तर माणूस पाठवायचा. तेव्हा पुन्हा केल्याने बिघडणारी कामं, म्हणजे पत्रं, संदेश, काही पाठवणं, ती पुन्हा करता येणाऱ्या कामांपासून वेगळ्या फाइलीत ठेवा.

अर्ध्यावर तुटलेल्या बॅकअपचंही तेच. पेन ड्राइव्हवर उतरवताना आमची स्क्रिप्ट आता आधी तात्पुरत्या नावाने फाइल लिहिते, फाइल दाबून लहान करणाऱ्या जीझिपला उणे टी देऊन ती धड आहे का बघते आणि मगच एमव्ही या नाव बदलण्याच्या आज्ञेने खरं नाव देते. खऱ्या नावाची फाइल दिसली म्हणजे ती पूर्ण आहे. अर्धवट राहिलेली तात्पुरती फाइल पुढच्या खेपेला पुसली जाते.

ऑगस्टमध्ये जुन्या डेस्कटॉपच्या मदरबोर्डने राम म्हटला (विजेमुळे नाही, वयामुळे) आणि कुणीतरी दिलेला लॅपटॉप सर्व्हर म्हणून लावला. लॅपटॉपवर एक नवी गोष्ट कळली: डेबियनचा ॲनाक्रॉन बॅटरीवर चालत नाही. त्याच्या सिस्टमडी फाइलीत तशी अट आहे. सकाळी नऊला लाईट नसेल तर काम तेव्हा होत नाही, पण दिवसा तो तासातासाला पुन्हा विचारतो, लाईट आली की पुढच्या फेरीत उरकतो. अट काढता येते, मी काढली नाही. संपत आलेल्या बॅटरीवर डेटाबेसचा बॅकअप घेण्यापेक्षा तासभर थांबलेलं बरं.

चतुर्थीला वाचनालय पाच दिवस बंद होतं. माटोळी (गणपतीवर टांगलेली फळाफुलांची आरास) उतरल्यावर पहिल्या दिवशी मी मुद्दाम नऊला जाऊन बसलो, कारण रोजचं, आठवड्याचं आणि मध्ये एक तारीख येऊन गेल्याने महिन्याचं अशी तिन्ही कामं एकदम थकलेली होती. मशीन चालू झालं. ९.०५च्या सुमारास रोजचं सुरू झालं, ते संपल्यावर आठवड्याचं, मग महिन्याचं. काउंटरवर पुस्तकं परत करायला रांग लागली होती, पडदा थोडा जड चालत होता, बाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं एवढंच. साडेनऊपर्यंत तिन्ही फाइलींत त्या दिवसाची तारीख आली. पेन ड्राइव्ह काढून बाईंकडे दिला.

बाईंनी आता आवक-जावक नोंदवहीत एक रकाना वाढवलाय. शनिवारी संध्याकाळी त्या पेन ड्राइव्ह काउंटरच्या कॉम्प्युटरला लावतात आणि सर्वांत नव्या फाइलीची तारीख त्या रकान्यात लिहितात. तारीख शनिवारची नसेल तर मला फोन. गेल्या महिन्यात एकदा आला. गेलो तर क्रॉन, ॲनाक्रॉन, टायमर सगळं ठीक होतं. शुक्रवारी पेन ड्राइव्ह लॅपटॉपमधून काढून कुणीतरी त्यावर नाटकाच्या जाहिरातीचं चित्र छापायला नेलं होतं.